अदलाबदलीआधी मोजमाप : इंदूरच्या सायकलस्वारांसाठी सुट्या भागांचे मार्गदर्शन

इंदूर शहराच्या आत सायकल चालवणाऱ्याला फारसा चढ लागत नाही. खंडवा रस्त्याने सिमरोल ओलांडून भेरूघाटाकडे निघाले, की माळव्याचे पठार संपते आणि रस्ता निमाडात उतरू लागतो. सह्याद्रीतल्या बहुतेक घाटांत आधी दम निघतो आणि नंतर उताराचे सुख मिळते. आमच्याकडे उलटे आहे. जाताना उतार लागतो आणि परतताना, पाय थकलेले, पाण्याची बाटली अर्धी आणि ऊन डोक्यावर असताना चढ लागतो. अशा एखाद्या रविवारनंतरच बहुतेकांना आपली सायकल कमी पडते असे वाटू लागते आणि कोणाकडे जास्त दात्यांची कॅसेट (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच) पडून आहे का, कोणी जुने डिरेलर (गिअर बदलताना चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) देईल का, अशी विचारपूस सुरू होते.

अशी देवघेव उपयोगी असते, कारण नवी सायकल घेण्यापेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडते आणि मित्राच्या माळ्यावर धूळ खात पडलेला भाग पुन्हा चालू लागतो. मात्र यातल्या बहुतेक फजित्या वाईट भागामुळे न होता न जुळणाऱ्या भागामुळे होतात. लग्नाची पत्रिका जुळवताना ३६ पैकी १८ गुण जमले तरी घरची मंडळी हो म्हणतात. सायकलीच्या सुट्या भागांत मात्र दोन मिलिमीटरही माफ होत नाहीत. म्हणून या लेखात भाग कोणता चांगला यापेक्षा तो आपल्या सायकलीला बसेल का, हे कसे तपासावे यावर अधिक भर दिला आहे.

आधी गरज ठरवावी

समजा, आपल्या हायब्रिड (रोड आणि माउंटन यांच्या मधल्या जातीच्या) सायकलीला पुढची सर्वांत लहान चकती २८ दात्यांची आणि मागची सर्वांत मोठी चकतीही २८ दात्यांचीच आहे. म्हणजे पायडलचा एक फेरा झाला, की मागच्या चाकाचाही एकच फेरा होतो. ७०० मापाच्या चाकावर ३५ मि.मी. रुंदीचा टायर असेल, तर एका फेऱ्यात सायकल सुमारे २.२ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे या बेताच्या लयीत पाय चालवले, तर वेग ताशी ८ किलोमीटरच्या जवळपास येतो. चढावर आपला वेग याहून खाली जात असेल, तर पाय लय सोडून नुसता जोर लावू लागतात आणि गुडघे दुखू लागतात. मागे ३४ दाते आले, तर त्याच लयीत वेग ताशी साडेसहा किलोमीटर होतो, म्हणजे तितक्या सावकाश चढतानाही पाय मोकळे फिरतात. रोड सायकलवाल्यांचे गणितही याच जातीचे आहे. पुढे ३४ आणि मागे २८ असे असेल, तर मागे ३४ केल्यावर फरक लगेच कळतो.

हा हिशेब कागदावर करून मगच मागणी करावी. अनेकांना गिअरची संख्या वाढवायची असते, पण चढासाठी ७ गिअर आहेत की १० यापेक्षा सर्वांत मोठी चकती किती दात्यांची आहे, हेच महत्त्वाचे ठरते. आणि हेही सांगितले पाहिजे की भेरूघाट आधी उतरावा लागत असल्यामुळे, ब्रेक आणि टायर ठीक नसतील तर गिअरच्या गोष्टी नंतर कराव्यात.

सायकलीची वही

एक लहान वही, व्हर्नियर कॅलिपर आणि स्टीलची पट्टी घेऊन सायकलीसमोर अर्धा तास बसावे. टायरच्या बाजूवर '३५-६२२' असे काहीतरी छापलेले असते. त्यातला पहिला आकडा रुंदीचा असतो आणि दुसरा रिमवर टायर जिथे बसतो त्या व्यासाचा. हा दुसरा आकडाच खरा. ६२२ म्हणजे ७०० मापाचे आणि २९ इंची म्हणून विकले जाणारे चाक, ५८४ म्हणजे साडेसत्तावीस इंची आणि ५५९ म्हणजे जुन्या माउंटन सायकलींचे २६ इंची. वाड्यात अजून उभ्या असलेल्या आजोबांच्या काळ्या सायकलीचे २८ इंची चाक बहुधा ६३५ चे असते, त्यामुळे त्यावर ७०० चा टायर चढवण्याची खटपट करू नये.

पुढच्या आणि मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची, रुंदी चिमट्याच्या आतल्या बाजूने मोजावी. पुढे साधारणपणे १०० मि.मी. आणि मागे रोड सायकलीला १३०, तर माउंटन व हायब्रिडला १३५ मि.मी. असते, आरपार जाड एक्सल असलेल्या नव्या सायकलींची मापे वेगळी असतात. सीटची दांडी बाहेर काढून तिच्यावर कोरलेला आकडा वाचावा. तो २७.२, ३०.९ किंवा ३१.६ असू शकतो आणि नुसत्या नजरेने यातला फरक कळत नाही. हँडल मधोमध जिथे आवळलेले असते तिथला व्यास २५.४ किंवा ३१.८ असतो. ट्यूबचा व्हॉल्व्ह जाड आहे की बारीक, ब्रेकची डिस्क सहा स्क्रूंची आहे की मधल्या रिंगची, हेही वहीत लिहावे. फ्रेमखाली क्रँकच्या (पायडलच्या दांड्याच्या) कवचावर कोरलेला नंबर त्याच वेळी लिहून घ्यावा, त्याचा उपयोग पुढे येईल.

फ्रीव्हील की कॅसेट

ही चूक सर्वांत जास्त वेळा होते. मागच्या चकत्यांचा जुडगा दोन तऱ्हांचा असतो. फ्रीव्हीलमध्ये टकटक वाजणारी यंत्रणा चकत्यांच्या आतच असते आणि अख्खा गट्टू हबवरच्या आट्यांवर फिरवून बसवलेला असतो. कॅसेटमध्ये ती यंत्रणा हबमध्ये असते, चकत्या नुसत्या खाचांवर सरकतात आणि वर एक रिंग आवळलेली असते. ओळखण्याची खूण सोपी आहे. चाक काढून चकत्या उलट दिशेने फिरवाव्यात आणि मध्यभागी पाना बसतो त्या खाचांकडे पाहावे. त्या चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, स्थिर राहिल्या तर फ्रीव्हील.

फ्रीव्हील असेल, तर ७ गिअरचेच पण १४ ते ३४ दात्यांचे फ्रीव्हील कोणाकडे मिळते का ते पाहावे. त्यातल्या एका जुन्या प्रकारात २४ वरून एकदम ३४ ची उडी असते. सपाट रस्त्यावर ती खटकते, पण घाटात तिच्याविषयी कोणाची तक्रार ऐकलेली नाही. जुने फ्रीव्हील काढायला त्याच खाचांचा खास पाना लागतो. दरवेळी पायडल मारताना ते अधिकच आवळले जात असल्यामुळे साध्या जोराने सुटत नाही. पाना व्हाइसमध्ये उभा पकडून चाकच स्टिअरिंगसारखे डावीकडे फिरवावे. चाक क्विक रिलीजचे (खटक्याने सुटणारे) असेल, तर पाना निसटू नये म्हणून त्याच्या दांडीने तो हलका दाबून ठेवावा आणि पहिला 'कट्' आवाज होताच दांडी सैल करावी. नवे बसवताना आट्यांना ग्रीस लावावे. पुढे कधी ते काढायची वेळ येईल, तेव्हा या एका बोटभर ग्रीसचे महत्त्व कळेल.

८ गिअरचे फ्रीव्हील सहसा घेऊ नये, असे माझे मत आहे. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजव्या बाजूचे छर्रे खूप आत असतात, त्यामुळे चकत्यांचा गट्टू जितका रुंद, तितका एक्सलचा जास्त भाग आधाराशिवाय राहतो, आणि वजनदार माणसाच्या खाली तो वाकतो किंवा तुटतो. ७ च्या पुढे जायचे असेल, तर कॅसेटच्या हबचे अख्खे मागचे चाकच बदलून घ्यावे.

कॅसेटचे हिशेब थोडे वेगळे आहेत. शिमानो कंपनीच्या प्रचलित खाचांच्या हबवर ८, ९ आणि १० गिअरच्या कॅसेट एकाच बुंध्यावर, म्हणजे हबच्या खाचा असलेल्या भागावर, बसतात. ७ गिअरची कॅसेट त्यावर बसवायची असेल, तर मागे साडेचार मि.मी. जाडीची रिंग घालावी लागते. ११ गिअरच्या रोड सायकलींसाठी बुंधा १.८५ मि.मी. लांब केला गेला, म्हणून त्यावर जुनी ८ किंवा ९ गिअरची कॅसेट चढवताना तितकीच जाड रिंग लागते. उलट, ११ ची बहुतेक रोड कॅसेट जुन्या बुंध्यावर आवळलीच जात नाही. १० दात्यांपासून सुरू होणाऱ्या १२ गिअरच्या माउंटन कॅसेटसाठी तर वेगळाच बुंधा लागतो. कॅसेट काढायला रिंगेचा पाना आणि चकत्या धरून ठेवणारी साखळीची दांडी, अशी दोन्ही हत्यारे लागतात. बसवताना रिंग ४० न्यूटन-मीटर इतकी आवळावी. हे हातात बरेच जड लागते.

जुन्या कॅसेटविषयी 'किती किलोमीटर चालली' असे विचारले, तर उत्तर नेहमी अंदाजे येते. त्याऐवजी 'काका, हिच्यावर चेन किती झाल्या?' असे विचारावे. वेळेवर चेन बदलणारा माणूस चटकन सांगतो आणि ज्याने एकच चेन शेवटपर्यंत ओढली, तो थोडा थांबतो. दाते करवतीसारखे एका बाजूला झुकलेले दिसले, तर तिथेच नमस्कार करून निघावे.

डिरेलर आणि शिफ्टर

मागच्या डिरेलरच्या दोन मर्यादा असतात. पहिली म्हणजे ते जास्तीत जास्त किती दात्यांची चकती झेलते. दुसरी म्हणजे चेनची किती ढिलाई ते ओढून घेऊ शकते. हिला एकूण क्षमता म्हणतात. ती काढण्यासाठी पुढच्या मोठ्या आणि लहान चकतीतला फरक, अधिक मागच्या मोठ्या आणि लहान चकतीतला फरक, अशी बेरीज करावी. पुढे ४८-३८-२८ आणि मागे १२-३२ असेल, तर २० अधिक २० म्हणजे ४० आले. लांब बाहूची अनेक माउंटन डिरेलर एवढे सहज झेलतात, पण रोड सायकलीचे आखूड बाहूचे डिरेलर इथे कमी पडते. भागावर कोरलेला मॉडेल नंबर पाहून निर्मात्याच्या तक्त्यातून दोन्ही आकडे तपासावेत.

याहून फसवी गोष्ट केबलच्या ओढीची आहे आणि ती मी स्वतः पैसे घालवून शिकलो. माझ्या सायकलीला ८ गिअरचा शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलण्याचा खटका) होता. एका ओळखीच्या गृहस्थांकडून मी एक देखणे, जवळजवळ नवे डिरेलर जुने पायडल देऊन वर थोडे पैसे टाकून घेतले. ते १० गिअरच्या माउंटन सायकलीचे होते. संध्याकाळी ओट्यावर बसून ते बसवले आणि दोन तास बॅरलचा, म्हणजे केबलचा ताण कमीजास्त करणारा, स्क्रू पिळत राहिलो. पहिला गिअर जमला की तिसरा जमेना, तिसरा जमला की सहावा खरखरे. कारण अगदी साध्या गुणाकारात होते. ८ गिअरचा शिफ्टर एका टिचकीला सुमारे २.८ मि.मी. केबल ओढतो, शिमानोचे जुन्या पद्धतीचे डिरेलर त्याच्या १.७ पट, म्हणजे सुमारे ४.८ मि.मी. सरकते, आणि ८ गिअरच्या चकत्यांमधले अंतर नेमके तेवढेच असते. १० गिअरच्या माउंटन डिरेलरमध्ये हा पट १.२ च्या आसपास असतो, म्हणून ते साडेतीन मि.मी.ही सरकत नव्हते. स्क्रू पिळून गुणाकार बदलत नाही. देणाऱ्याची यात काही चूक नव्हती. मीच विचारले नव्हते.

म्हणून नियम असा ठेवावा. शिमानोच्या ६ ते ९ गिअरच्या वर्गातला शिफ्टर त्याच वर्गातल्या डिरेलरशी, रोड असो वा माउंटन, बहुतेक वेळा जुळतो. १० पासून पुढे रोड आणि माउंटन यांचे संसार वेगळे होतात, आणि रोडमध्येही ४७०० मालिकेचे टियाग्रा हे १० गिअरचे असून त्याची ओढ ११ गिअरवाल्यांसारखी आहे. शंका असेल तिथे शिफ्टर आणि डिरेलर एकाच सायकलीवरून काढलेली जोडी म्हणूनच घ्यावीत. डिरेलर ज्या कानावर लटकते तो कान प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. सायकलीच्या मागे बसून पाहिले असता डिरेलरची दोन चाके चकत्यांच्या सरळ रेषेत दिसली नाहीत, तर कान वाकलेला आहे असे समजावे आणि आधी तो सरळ करावा.

चेन

जुनी चेन देवघेवीत घेऊ नये आणि देऊही नये. स्टीलच्या पट्टीने एका खिळ्याच्या मध्यापासून त्यापुढच्या २४ व्या खिळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी मोजावी. नव्या चेनमध्ये ती ३०४.८ मि.मी. म्हणजे १२ इंच असते. ती दीड मि.मी.ने वाढली, म्हणजे अर्धा टक्का झिजली आणि बदलण्याची वेळ आली. तीन मि.मी.ने वाढली असेल, तर बहुधा कॅसेटही तिच्याबरोबर गेलेली असते. चेनची रुंदी गिअरच्या संख्येनुसार असते : ६ ते ८ गिअरला सुमारे ७.१ मि.मी., ९ ला ६.६ आणि १० ला ५.९. मागे मोठी चकती बसवल्यावर जुन्या लांबीची चेन चालेल असे गृहीत धरू नये. चेन डिरेलरमधून न घेता पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकत्यांवर गुंडाळून पाहावी आणि टोके जुळतात तिथून दोन कड्या जास्त ठेवून कापावी.

चाके आणि टायर

चाक घेताना ते फिरवून रिमजवळ नख धरावे. नख एकाच जागी घासत असेल, तर चाकात आउट आहे, म्हणजे ते सरळ फिरत नाही. थोडा आउट काढता येतो, पण रिमला ठोका बसून ती आत गेलेली असेल तर नाही. रिमवर चालणाऱ्या ब्रेकच्या सायकलीचे चाक असेल, तर रिमच्या बाजूवरून बोट फिरवून पाहावे. ती आत खोलगट लागली, तर ते चाक कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. एक्सल बोटांनी फिरवून खरखर आणि हलवून खुळखुळ तपासावी. १३० च्या फ्रेममध्ये १३५ चे चाक कोंबण्याचा सल्ला कोणी देईल. स्टीलच्या फ्रेमला ते सोसते, ॲल्युमिनियमच्या फ्रेमला मात्र तसे करू नये.

रुंद टायर हा आपल्या रस्त्यांवरचा सर्वांत सोपा आणि समाधान देणारा बदल आहे; पण तो घेताना पावसाळा विसरू नये. माळव्याची काळी माती ओली झाली, की टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी थापली जाते की चाक फिरायचे थांबते. म्हणून टायर आणि फ्रेम यांच्यात सर्व बाजूंनी निदान ६ मि.मी. मोकळी जागा राहील इतकाच रुंद टायर निवडावा. बारीक व्हॉल्व्हसाठी रिमला साडेसहा मि.मी.चे भोक असते, ते ड्रिलने मोठे करून जाड व्हॉल्व्ह बसवू नये.

ब्रेक

व्ही ब्रेकची (रिमच्या दोन्ही बाजूंना उभ्या लांब भुजा असलेल्या ब्रेकची) मूठ आणि रोड सायकलीच्या कॅलिपर ब्रेकची मूठ एकमेकींच्या जागी चालत नाहीत, कारण व्ही ब्रेकला जास्त केबल ओढावी लागते. चुकीची जोडी केली तर मूठ हँडलला टेकते आणि सायकल थांबत नाही, किंवा मूठ दगडासारखी कडक लागते. केबलच्या बाहेरच्या नळीतही असाच फरक आहे : ब्रेकच्या नळीत तार गोल गुंडाळलेली असते, गिअरच्या नळीत तारा लांबीला समांतर असतात. गिअरची नळी ब्रेकला लावली, तर जोराने दाबताना ती फुटू शकते, आणि उतारावर नेमके तेव्हाच जोराने दाबावे लागते.

तेलाच्या ब्रेकचा संच घेताना आत कोणते तेल आहे हे विचारल्याशिवाय बाटली उघडू नये. शिमानोमध्ये मिनरल तेल असते आणि स्रॅमच्या बहुतेक ब्रेकमध्ये डॉट जातीचे द्रव असते. एकाच्या जागी दुसरे गेले, की आतली रबरे फुगतात आणि संच निकामी होतो. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते; ती अनेकदा दीड मि.मी. असते, डिस्कची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजावी. दुसऱ्याचे वापरलेले ब्रेक पॅड घेऊ नयेत. त्यात तेल मुरलेले असेल तर ते बाहेरून दिसत नाही.

वापरलेल्या वस्तूंपैकी हेल्मेट तर कधीच घेऊ नये, आणि कार्बनचे हँडल किंवा सीटची दांडी त्यांचा पूर्वेतिहास स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला असेल तरच घ्यावी. ॲल्युमिनियम अनेकदा वाकून आधी सूचना देते. कार्बनच्या आतली चीर पृष्ठभागावर दिसेलच असे नाही.

देवघेव

भाग दिवसाच्या उजेडात, शक्य असेल तर चालू सायकलीवर बसवलेला असतानाच पाहावा. मोठी वस्तू, विशेषतः फ्रेम किंवा अख्खे चाक असेल, तर बिल मागण्यात संकोच करू नये. फ्रेमचा नंबर बिलावरच्या नंबराशी जुळवून दोघांनी एका कागदावर सही करावी. ओळखीत असा कागद करणे काहींना अपमानाचे वाटते, पण मला तसे वाटत नाही. चोरीची सायकल तीन हात फिरून आली असेल, तर शेवटच्या प्रामाणिक माणसाला तोच कागद वाचवतो. आठवडाभरात भाग बसला नाही तर परत, एवढे एक वाक्य आधीच बोलून ठेवावे.

बसवणे आणि चाचणी

क्रम असा ठेवावा : आधी कॅसेट किंवा फ्रीव्हील, मग डिरेलर, मग चेन, आणि केबल सर्वांत शेवटी. केबल न जोडता डिरेलरच्या हद्दीचे दोन स्क्रू लावून घ्यावेत. एक लहान चकतीच्या बाजूचा असतो. दुसरा मोठ्या चकतीच्या बाजूचा असतो आणि तो चुकला, तर चेन आऱ्यांमध्ये जाते. म्हणून डिरेलर हाताने आत ढकलून ते शेवटच्या चकतीच्या पुढे जात नाही, याची दोनदा खात्री करावी. त्यानंतर केबल आवळून बॅरलने गिअर जमवावेत आणि मागचा तिसरा स्क्रू फिरवून डिरेलरचे वरचे चाक मोठ्या चकतीला घासणार नाही इतके दूर ठेवावे.

डाव्या पायडलच्या आटी उलट्या असतात. नेहमीच्या इंग्लिश आट्यांच्या फ्रेममध्ये क्रँकच्या कवचाची उजवी वाटीही उलट फिरते. चौकोनी एक्सलच्या क्रँकचा बोल्ट ३५ ते ५० न्यूटन-मीटर आवळावा. तो सैल राहिला, तर दोन दिवसांत क्रँकचे भोक गोल होते आणि मग तो क्रँक कोणालाही देता येत नाही.

पहिली फेरी गल्लीत मारावी, दुसरी सपाट रस्त्यावर सगळे गिअर चढवत-उतरवत. मग महूजवळच्या जानापावचा चढ पाहावा, जिथे उतरण्याआधी चढावे लागते आणि काही बिघडले तर पाय टेकून परत वळता येते. पहिल्या ५० किलोमीटरनंतर नवी केबल थोडी सैल पडते. तेव्हा बॅरल पुन्हा जमवावा, क्रँक आणि कॅसेटच्या रिंगेला एकदा पाना लावून पाहावा आणि मगच पहाटे, ट्रकांची वर्दळ वाढण्याआधी, भेरूघाटाला निघावे. काढलेला जुना भाग रॉकेलने पुसून पिशवीत घालावा आणि सोबत चिठ्ठी ठेवावी : '७ गिअर, १४-२८, फ्रीव्हील, दोन चेन झाल्या, दाते ठीक'.